उजवी सोंड, पण कुणाची उजवी?

घरी गणपती आणायचा म्हणून मूर्तिकाराच्या कारखान्यात गेलेल्या कुटुंबात एक प्रश्न हमखास निघतो. सोंड कुठल्या बाजूची? मूर्तीसमोर उभे राहून कुणीतरी म्हणते, ही उजवीकडे वळलेली दिसते. मूर्तिकार लगेच सांगतो, ती तुमच्या उजवीकडे, म्हणजे देवाच्या डावीकडे. ज्याची सोंड त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताकडे वळते, तोच उजव्या सोंडेचा गणपती. अष्टविनायकांत सिद्धटेकचा सिद्धिविनायक तेवढा तसा. उजव्या सोंडेचे सोवळे कडक मानतात, त्यामुळे बाजू नीट पाहूनच मूर्ती ठरवली जाते. पाहणारा समोर असो की मागे, उजवे-डावे मूर्तीचेच धरायचे, हे महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही एकदा सांगितले की कळते.

शरीररचनाशास्त्राचा पहिला नियमही हाच आहे. छातीचा एक्स-रे डॉक्टर खिडकीसमोर धरतात तेव्हा रुग्ण आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असे समजून तो पाहायचा असतो. त्यामुळे हृदयाचा मोठा भाग पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला दिसतो, पण अहवालात त्याची बाजू डावी लिहितात, कारण ती रुग्णाची डावी. शल्यचिकित्सक, परिचारिका, भूलतज्ज्ञ टेबलाच्या वेगवेगळ्या बाजूंना उभे असतात आणि प्रत्येकाचे डावे-उजवे वेगळे असते. रुग्णाचे मात्र एकच असते. चुकीच्या बाजूच्या गुडघ्यावर किंवा मूत्रपिंडावर शस्त्रक्रिया होण्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. त्या टाळण्यासाठी शस्त्रक्रियेआधी, रुग्ण जागा असतानाच, त्या जागी शाईने खूण करण्याची पद्धत रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची जी पडताळणी यादी दिली, तिच्यातही ही खूण केली आहे का, हे विचारून घ्यायचे असते.

डाव्या-उजव्याचा घोळ असा सुटला, तरी वर-खालीचा उरतोच. ‘हाताला वरच्या बाजूला फोड आलाय’ असे कुणी फोनवर सांगितले तर तो खांद्याजवळ आहे, की मनगटाच्या पाठीवर, की हात वर केल्यावर जी बाजू आकाशाकडे जाते तिथे? तिन्ही अर्थ मराठीत बरोबर आहेत. माणूस उभा असताना डोके पोटाच्या वर असते, आडवा झाला की शेजारी येते आणि शीर्षासन केले की खाली जाते. शरीर सतत हलते, म्हणून शब्दही त्याच्याबरोबर हलतात. यावरचा उपाय साधा आहे. शरीर प्रत्यक्षात कसेही असो, वर्णन करताना ते एका ठरलेल्या स्थितीत उभे आहे असे मानायचे. ताठ उभे, नजर समोर, पावले जवळ आणि पुढे वळलेली, हात बाजूंना सोडलेले आणि तळहात समोर. वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाच्या टेबलावर देह उताणा ठेवलेला असतो, विद्यार्थी त्याच्यावर वाकलेले असतात, तरी बोलताना प्रत्येकाने तो देह मनातल्या मनात उभा करायचा असतो.

या स्थितीत एकच गोष्ट अवघडल्यासारखी वाटते, ती म्हणजे समोर वळवलेले तळहात. सहज उभ्या माणसाचे तळहात मांड्यांकडे असतात. मग हा आग्रह कशासाठी? कोपरापासून मनगटापर्यंत, म्हणजे पुढच्या हातात, दोन हाडे आहेत, अंगठ्याच्या बाजूची त्रिज्या आणि करंगळीच्या बाजूची अल्ना. तळहात समोर असताना ती दोन्ही समांतर राहतात. तळहात मागे फिरवला की त्रिज्या अल्नावरून तिरकी जाते आणि दोघींची फुली होते. दुसऱ्या हाताने पुढचा हात अलगद धरून तळहात उलटसुलट केला, तर हे फिरणे बोटांना जाणवतेही. हाडांची फुली झाली तर आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हे सांगणे कठीण होते, म्हणून तळहात समोर.

एकदा हा काल्पनिक माणूस उभा राहिला की दिशांचे शब्द पक्के होतात. डोक्याकडची बाजू सुपीरियर, पायांकडची इन्फीरियर. समोरची अँटीरियर, पाठीकडची पोस्टीरियर. शरीराच्या मधोमध नाकापासून बेंबीपर्यंत एक रेघ ओढली, तर तिच्या जवळचे ते मीडियल, दूरचे ते लॅटरल. तळहात समोर असल्यामुळे करंगळी मीडियल ठरते आणि अंगठा लॅटरल, पण पायात अंगठाच मीडियल. हातापायांसाठी आणखी एक जोडी आहे आणि ती सगळ्यांत उपयोगी. धडाजवळचे ते प्रॉक्झिमल, धडापासून लांबचे ते डिस्टल. मराठी परिभाषेतले समीपस्थ आणि दूरस्थ हे शब्द अर्थाला चोख बसतात. कोपर मनगटाच्या तुलनेत समीपस्थ आणि खांद्याच्या तुलनेत दूरस्थ. हात वर करा, खाली सोडा, डोक्यामागे न्या, हे नाते बदलत नाही.

घसरून पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मनगटाजवळ हाड मोडते. उतारवयातल्या बायकांना हा अस्थिभंग फार वेळा होतो. १८१४ मध्ये डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलेस यांनी त्याचे वर्णन लिहिले, तेव्हा एक्स-रे अस्तित्वात नव्हता. तो शोध १८९५ चा. त्रिज्येच्या डिस्टल टोकाचा भंग आणि तुटलेला डिस्टल तुकडा डॉर्सल बाजूला, म्हणजे हाताच्या पाठीकडे, सरकलेला. एवढे दोन शब्द कळले की हाड कुठे मोडले, तुकडा कुठे गेला आणि तो बसवताना कोणत्या दिशेने ओढून कुठे दाबायचा, हे दुसऱ्या देशातल्या डॉक्टरलाही न पाहता समजते. बाजूने पाहिल्यावर मोडलेले मनगट जेवणाच्या काट्यासारखे वाकलेले दिसते, आणि तुकडा पाठीकडे गेला हेच त्याचे कारण.

डॉर्सल हा शब्द जनावरांच्या जगातून समजून घेतला तर सोपा जातो. डॉर्सम म्हणजे पाठ. शार्कचा पाण्याबाहेर दिसणारा पर तो डॉर्सल फिन. गाय, कुत्रा, मासा यांची पाठ वर असते आणि पोट जमिनीकडे. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्याची पाठ मागे गेली. म्हणून माणसात डॉर्सल म्हणजे मागचे, तर गाईत वरचे. पशुवैद्य म्हणूनच सुपीरियर-इन्फीरियर वापरत नाहीत. ते डोक्याकडचे आणि शेपटीकडचे असे शब्द वापरतात.

नावांवर जगाचे एकमत व्हायला वेळ लागला. आंद्रेआस वेसालियसचा शरीररचनेवरचा मोठा सचित्र ग्रंथ १५४३ मध्ये बाझेलमध्ये छापला गेला. नंतरच्या साडेतीनशे वर्षांत प्रत्येक देशाने, काही वेळा प्रत्येक प्राध्यापकाने, आपापली नावे दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरातली नावे सुमारे ५० हजारांवर गेली होती. १८९५ मध्ये शरीररचनातज्ज्ञ त्याच बाझेल शहरात जमले आणि त्यांनी ती ५ हजारांच्या आसपास आणली, सगळी लॅटिनमध्ये. १९५५ मध्ये पॅरिसला ती पुन्हा तपासली गेली. आज जी अधिकृत यादी वापरतात तिचा पाया १९९८ चा आहे.

लॅटिन म्हटले की मराठी विद्यार्थी बिचकतो. तसे व्हायचे खरे तर कारण नाही, कारण यातले पुष्कळ शब्द आपल्या घरातलेच आहेत, फक्त फार वर्षांपूर्वी वेगळे झालेले. लॅटिनमध्ये गुडघा जेनू, संस्कृतात जानु. गुडघ्यापर्यंत हात पोचतात तो आजानुबाहू. हाड ऑस आणि अस्थि, दात डेन्स आणि दंत, पाऊल पेस आणि पाद. सुपर हा उपसर्ग उपरि या शब्दाचा भाऊ. इंटर हा अंतरचा. कोपराचे अल्ना हे नावसुद्धा हाताच्या मापासाठी वापरल्या जाणाऱ्या अरत्नि या संस्कृत शब्दाचे नातेवाईक आहे.

हे नाते हालचालींच्या शब्दांत सर्वांत कामाला येते. हात खांद्यातून बाजूला उचलला, म्हणजे मधल्या रेघेपासून दूर नेला, की ते ॲबडक्शन. परत अंगाजवळ आणला की ॲडक्शन. दोन्ही शब्द कानाला इतके सारखे लागतात की रुग्णाची नोंद सांगताना डॉक्टर मुद्दाम ‘ए बी डक्शन’, ‘ए डी डक्शन’ असे अक्षरे तोडून म्हणतात. हे ‘ॲब’ म्हणजेच आपले ‘अप’. अपहरण या शब्दात जे दूर नेणे आहे तेच ॲबडक्शनमध्ये आहे, आणि इंग्रजीत अपहरणालाही हाच शब्द वापरतात. एकदा हे ध्यानात आले की ही जोडी सहसा उलटसुलट होत नाही.

हालचालींचे वर्गीकरण भारतातही फार जुने आहे, पण ते वैद्यकातून नव्हे, तत्त्वज्ञानातून आले. कणादाच्या वैशेषिक दर्शनात कर्माचे पाच प्रकार सांगितले आहेत: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. वर टाकणे, खाली टाकणे, आखडणे, पसरणे, जाणे. यातले आकुंचन म्हणजे शरीरशास्त्रातले फ्लेक्शन आणि प्रसारण म्हणजे एक्स्टेन्शन, असे स्थूलमानाने म्हणता येते. फ्लेक्शनने सांध्यातला कोन लहान होतो, एक्स्टेन्शनने तो उघडतो. एक अडचण मात्र आहे. शाळेच्या पुस्तकात आकुंचन-प्रसरण हे शब्द स्नायूंच्या आखडण्या-सैलावण्याला वापरलेले असतात. कोपर सरळ करताना दंडाच्या मागचा स्नायू आकुंचन पावतो आणि सांध्याचे प्रसारण होते. एकाच वाक्यात दोन्ही शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतात, आणि मुलांचा गोंधळ उडतो. सांध्यासाठी साधे ‘वाकणे’ आणि ‘सरळ होणे’ वापरले तर हा गोंधळ राहणार नाही. मराठीत लिहिणाऱ्यांनी तेच करावे.

वाकणे आणि सरळ होणे यांतल्या फरकावर क्रिकेटमध्ये एक मोठा वाद झाला. १९९५ च्या बॉक्सिंग डे कसोटीत मेलबर्नला पंच डॅरेल हेअर यांनी मुथय्या मुरलीधरनचे चेंडू फेकीचे म्हणून नोबॉल ठरवले. पुष्कळ प्रेक्षकांची समजूत अशी होती, आणि आजही आहे, की कोपर वाकलेले असेल तर गोलंदाजी बेकायदा. नियम तसा नाही. हात खांद्याच्या उंचीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर सरळ होता कामा नये, असे नियम सांगतो. म्हणजे दोष फ्लेक्शनचा नाही, एक्स्टेन्शनचा आहे. मुरलीधरनचे कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नाही. ते वाकलेले दिसणारच. प्रश्न होता तो ते किती अंशांनी उघडते याचा. प्रयोगशाळेत वेगवान कॅमेऱ्यांनी मोजल्यावर लक्षात आले की डोळ्यांना अगदी सरळ वाटणाऱ्या हाताच्या गोलंदाजांचे कोपरही चेंडू टाकताना काही अंश उघडते. २००५ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने सर्वांसाठी १५ अंशांची मर्यादा ठेवली. मुरलीधरन ८०० कसोटी बळी घेऊन निवृत्त झाला.

कोपर मागे टोक काढून पुढे मिटते आणि गुडघा पुढे टोक काढून मागे मिटतो, हे रोज दिसत असूनही सहसा कुणाच्या मनात येत नाही. त्याचे कारण गर्भात आहे. सहाव्या ते आठव्या आठवड्यात गर्भाचे हात बाहेरच्या बाजूला आणि पाय आतल्या बाजूला जवळपास काटकोनात वळतात. म्हणून कोपर मागे गेले, गुडघा पुढे आला, हाताचा अंगठा बाहेर राहिला आणि पायाचा आत आला.

आता ते शब्द, ज्यांत मराठी अतिशय श्रीमंत आहे. तीर्थ घेताना हात कसा होतो? तळहात वर, बोटे किंचित वळलेली, मध्ये खळगा. हे सुपिनेशन. ताटातली भाकरी झाकायला तळहात वरून ठेवला तर ते प्रोनेशन. मराठीत यासाठी उताणा हात आणि पालथा हात असे म्हणतात, आणि हेच शब्द माणसाच्या निजण्यालाही लागतात. लॅटिनमध्येही तसेच आहे: उताणा निजलेला तो सुपाइन, पालथा तो प्रोन. उताणा हा संस्कृत उत्तानचा मराठी अवतार, योगातल्या उत्तानपादासनातला. एकच जोडी हातालाही चालते आणि अख्ख्या देहालाही, ही सोय दोन्ही भाषांनी आपापली शोधली. भांडे पालथे घालतात, तान्हे बाळ पालथे पडू लागले की घरभर आनंद होतो.

वरणभाताचा एक घास घेऊन पाहा. हात ताटावर पालथा जातो. बोटे वाकतात. अंगठा बाकीच्या बोटांच्या समोर येतो. त्याला ऑपोझिशन म्हणतात आणि रांगोळीची चिमूटही त्याच हालचालीने धरली जाते. मग कोपर वाकते आणि त्याच वेळी पुढचा हात उताणा होत तोंडाशी येतो. ही शेवटची दोन्ही कामे दंडाच्या पुढचा एकच स्नायू, बायसेप्स, करू शकतो. उताणे करणारा हा स्नायू दणकट असल्यामुळे उजव्या हाताने स्क्रू आवळताना जितका जोर मिळतो तितका सैल करताना मिळत नाही. डावखुऱ्यांचे याच्या नेमके उलट.

एक ते चार वर्षांच्या मुलाला रस्ता ओलांडताना किंवा खेळताना त्याच्या एका हाताला धरून उचलले, की ते अचानक रडते आणि तो हात हलवायचे सोडून देते. कोपराजवळ त्रिज्येच्या डोक्याभोवती अस्थिबंधाची एक कडी असते. हात सरळ आणि पालथा असताना ओढ बसली तर ते डोके कडीतून किंचित निसटते. डॉक्टर तो पुढचा हात नीट धरून जोराने पालथा करतात, किंवा उताणा करून कोपर वाकवतात. बारीकशी ‘टक्’ लागते, आणि बहुतेक वेळा थोड्याच वेळात मूल त्याच हाताने खेळणे घ्यायला पुढे होते. हाड मोडलेले नाही याची खात्री डॉक्टरच करू शकतात, म्हणून हा उपाय घरी करून पाहायचा नाही. मुलाला उचलताना दोन्ही काखांत हात घालावेत, हे मात्र घरोघरी सांगायला हवे.

पायाकडे आले की पुन्हा शब्द बदलतात, कारण पाऊल नडगीशी काटकोनात जोडलेले आहे. पाऊल वर उचलणे ते डॉर्सिफ्लेक्शन, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे ते प्लांटर फ्लेक्शन. वज्रासनात दुसरे पूर्ण होते, उकिडवे बसताना पहिले. खडबडीत रस्त्यावर तळवा आत वळून पाय मुरगळतो ते इन्व्हर्जन. घोट्याच्या बहुतेक मुरगळण्या याच दिशेच्या, आणि दुखते ते बाहेरच्या, लॅटरल बाजूला.

मांडी घालून बसणे हे तर चार हालचालींचे एकत्रीकरण. खुबा वाकतो, मांडी बाजूला जाते आणि बाहेरच्या दिशेने फिरते, गुडघा मिटतो. खुब्यापासून गुडघ्याच्या आतल्या बाजूला तिरका उतरणारा एक स्नायू हे सगळे एकदम करू शकतो. शरीरातला तो सर्वांत लांब स्नायू. त्याचे लॅटिन नाव सार्टोरियस, म्हणजे शिंप्याचा, कारण पूर्वीचे शिंपी मांडी घालून शिवत. खुब्याचा सांधा बदलल्यावर, शस्त्रक्रिया मागच्या बाजूने केली असेल तर, अनेक शल्यचिकित्सक सुरुवातीला तीन पथ्ये सांगतात: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, पाय आत फिरवू नका. म्हणजे जास्तीचे फ्लेक्शन, मध्यरेषा ओलांडणारे ॲडक्शन आणि आतले रोटेशन. ‘खाली बसायचे नाही’ एवढेच ऐकून घरी गेलेल्या आजी पाटावर बसत नाहीत, पण खोल सोफ्यात बसून पायावर पाय टाकतात. तिन्ही हालचाली आधी करून दाखवल्या असत्या तर त्यांनी ते केले नसते.

२०२० आणि २०२१ मध्ये पालथा हा शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक रुग्णालयात ऐकू येत होता. फुप्फुसांचा मोठा हिस्सा पाठीच्या बाजूला असतो. माणूस उताणा असला की हृदयाचे आणि सुजलेल्या फुप्फुसाचे वजन त्याच भागावर येते, तिथले वायुकोश मिटतात आणि रक्तात प्राणवायू नीट मिसळत नाही. पालथे केले की तो भाग मोकळा होतो. हे कोविडच्या आधीच तपासलेले होते. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या क्लॉद गेरां आणि सहकाऱ्यांनी ४६६ अत्यवस्थ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. सलग किमान १६ तास पालथे ठेवलेल्यांपैकी २८ दिवसांत १६ टक्के दगावले, तर उताण्या ठेवलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी असलेल्या रुग्णांसाठीही पालथे झोपण्याची सचित्र सूचना काढली. प्राणवायूची पातळी ९४ च्या खाली गेली तर ती वापरायची होती. तान्ह्या बाळांबद्दल सल्ला याच्या बरोबर उलट आहे: झोपवायचे ते उताणेच. पालथ्या झोपलेल्या बाळांत अचानक मृत्यूचे प्रमाण जास्त आढळल्यावर अमेरिकेत १९९४ मध्ये त्यासाठी मोहीम काढली गेली आणि असे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले.

श्वासनलिकेत नळी घातलेला, शुद्धीवर नसलेला मोठा माणूस पालथा करणे हे एकट्या-दुकट्याचे काम नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन, तीन-तीन जण उभे राहतात आणि एक डॉक्टर डोक्याशी, नळी आणि मान सांभाळत. समोरासमोर उभ्या असलेल्यांची डावी बाजू एकमेकांच्या विरुद्ध असते. डोक्याशी उभ्या असलेल्याचे डावे-उजवे तर रुग्णाशी जुळते, पण रुग्ण पालथा झाला की तेही उलटते. म्हणून वळवण्याआधी डोक्याशी उभे असलेले डॉक्टर मोठ्याने सांगतात, ‘पेशंटच्या डावीकडे. तीन म्हटल्यावर.’ आणि मग मोजायला सुरुवात होते.